पायथन शिकू का, असं विचारलंस. आधी पन्नास पानं हाताने उतरव

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते: तू नेरुळला राहतेस, कलाइतिहासात पीएचडीला नाव नोंदवलंयस, विषय आहे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांमधल्या स्त्री चित्रकार, साधारण १९०० ते १९४७, आणि गाइडने सांगितलंय की नुसती वर्णनं नकोत, डेटा आण, डिजिटल टूल्स वापर. आता तू विचारतेस की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकू का, कुठली सॉफ्टवेअर घेऊ, कॅटलॉगचे, म्हणजे प्रदर्शनातल्या चित्रांच्या छापील याद्यांचे, फोटो एआयला दिले तर तो शीट बनवून देईल का, आणि व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, कोणी "यात कला कुठेय?" म्हटलं तर काय सांगू.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, वीसेक वर्षं वस्तुसंग्रहांच्या नोंदी, रजिस्टरं, कॅटलॉग याच कामात गेली आहेत आणि त्यातली निम्मी वर्षं आधीच्या माणसाने काय लिहून ठेवलंय ते निस्तरण्यात. त्यामुळे तुला 'तू' म्हणते, राग मानू नकोस.

पायथन आत्ता नको. पुढे लागलंच तर दोन-तीन महिन्यात येईल, अवघड नाहीये. पण आत्ता त्याच्या मागे लागलीस तर पायथन येईल आणि कॅटलॉग तसेच पडून राहतील, हे मी चार-पाच जणांच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय. कोड मस्त चालतो, ग्राफ रंगीबेरंगी येतो आणि त्या ग्राफमधे लग्नाआधीची मिस अमुक आणि लग्नानंतरची मिसेस तमुक या दोन वेगळ्या बायका म्हणून मोजल्या गेल्यात हे कोणाच्या गावीही नसतं. आपल्या विषयातलं खरं डोकं लागतं ते रकाने पाडताना. कशाला एक ओळ म्हणायचं, कुठली गोष्ट कुठल्या कॉलममधे जाणार, काय कोरं ठेवायचं. ते ठरलं की टूल कुठलंही घे.

मोजण्याचा नाद काही कंप्युटरने आणलेला नाही बरं का. १७०८ मधे रॉजे द पील नावाच्या फ्रेंच माणसाने छपन्न-सत्तावन्न चित्रकारांना चक्क मार्क दिले होते, रचना, रेखाटन, रंग आणि भाव अशा चार विषयांत, प्रत्येकी २० पैकी, आणि १८ च्या वर कोणालाच नाही. बेरीज केली तर राफाएल आणि रुबेन्स दोघेही ६५ वर पहिले, आणि काराव्हाज्जोला भाव या विषयात शून्य! काराव्हाज्जोला! आज ते टेबल वाचताना काराव्हाज्जोबद्दल काहीच कळत नाही पण १७०८ मधल्या पॅरिसमधे कशाला 'भाव' म्हणत होते ते लख्ख कळतं. हे तुझ्या कामाला जसंच्या तसं लागू आहे. तुझ्या शीटमधला आकडा हा आधी त्या कॅटलॉगबद्दल आणि तो छापणाऱ्या कमिटीबद्दल बोलतो, चित्रकर्तीबद्दल नंतर, जमलं तर.

आपल्याकडेही मोजमाप होतंच की. तालमान, म्हणजे मूर्तीची प्रमाणं ठरवायची पद्धत. नवताल मूर्ती म्हणजे बारा अंगुळांचा एक ताल असे नऊ ताल, १०८ अंगुळं, उत्तम दशताल म्हणजे १२४. शिल्पशास्त्रात हे आधीपासून लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षातली मूर्ती त्यात बसते का हे फोटोग्रामेट्रीने, म्हणजे फोटोंवरून मापं काढून, आता घरबसल्या तपासता येतं. तो तुझा विषय नाही, जाऊ दे.

चांगलं उदाहरण हवं असेल तर मोंटियासचं बघ. जॉन मायकल मोंटियास हा अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा अर्थशास्त्रज्ञ. या माणसाने हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या दप्तरखान्यात बसून मेलेल्या लोकांच्या घरातल्या सामानाच्या याद्या, नोटरीचे कागद, कर्जाच्या नोंदी वाचल्या, आणि १९८२ मधे डेल्फ्टच्या चित्रकारांचा सामाजिक-आर्थिक अभ्यास छापला. पुढे व्हर्मीर या डेल्फ्टच्याच सतराव्या शतकातल्या चित्रकारावर काम केलं. १६९६ मधे अॅमस्टरडॅमला एका लिलावात व्हर्मीरची २१ चित्रं एकदम विकायला आली होती. आज त्याची म्हणून मानली जाणारी चित्रं सगळी मिळून सदतीसच्या आसपास, त्यावरून बघ २१ म्हणजे किती. ती चित्रं डिसियस नावाच्या माणसाकडची, तो डेल्फ्टच्या फान रुइव्हेन घराण्याचा जावई, आणि कागदांची ही साखळी जोडल्यावर चित्र असं उभं राहिलं की व्हर्मीरची बरीचशी चित्रं गावातल्या एकाच श्रीमंत घरात जात होती. नुसती चित्रं बघून हे कधी कळलं असतं का? आणि यात सॉफ्टवेअरचं नाव तरी कुठे आलं का? कागद, नातीगोती आणि चिकाटी. नंतर त्याच्या नोंदींचा डेटाबेस झाला तो भाग वेगळा.

आता तुझ्या विषयाकडे. तू लिहिलंयस की "स्त्रियांचं प्रमाण वाढत गेलं का हे बघायचंय". प्रमाण म्हटलं की पहिला प्रश्न, कशाच्या प्रमाणात? चित्रांच्या की चित्रकारांच्या? एका बाईने एका वर्षी सहा चित्रं लावली तर ती सहा ओळी, पण माणूस एकच. दोन्ही मोज, पण एका ग्राफमधे एक आणि दुसऱ्यात दुसरं असं करून मोकळी होऊ नकोस, फार लोक करतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. सोसायटी १८८८ ची. सुरुवातीला तिच्यात युरोपियन मंडळींचा भरणा मोठा, हौशी मेमसाहेबा निसर्गचित्रं लावायच्या. तेव्हा 'बायका' असा एकच रकाना ठेवलास तर तुझ्या ग्राफमधे सुरुवातीलाच बायका भरपूर दिसतील आणि पुढे आकडा खाली आला तर तू लिहिशील की संधी कमी झाली, आणि प्रत्यक्षात कदाचित इंग्रज बायका कमी होत होत्या आणि भारतीय बायका वाढत होत्या, दोन उलट दिशांच्या रेषा एकमेकीत मिसळून सपाट झाल्या असं असेल. म्हणून वेगळा रकाना हवा. पण तो रकानाही सरळ नाही. अमृता शेर-गिलला १९३७ मधे याच सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तिची आई हंगेरियन, वडील शीख, ती मुंबईची तर नव्हेच. तिला कुठे टाकणार? 'मुंबईतल्या प्रदर्शनातल्या बायका' आणि 'मुंबईच्या बायका' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुझ्या प्रबंधाच्या नावात आत्ता दोन्ही गुंतलेत. गाइडशी बोल.

आणि कृपा करून नावावरून जात-धर्म-देश-लिंग ओळखणारी ती ऑनलाइन टूल्स वापरू नकोस. त्रिंदाद आडनाव दिलं की ते बिनधास्त पोर्तुगीज म्हणून मोकळं होतं. आता गोव्याकडच्या ए. एक्स. त्रिंदादना (१८७०–१९३५) पोर्तुगीज चित्रकार म्हणून मोजलंस तर व्हायव्हात कोणी वाचवणार नाही.

त्रिंदाद निघालेच आहेत तर नावांचं सांगते, कारण तुझे निम्मे महिने यातच जाणार. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद, मुलगी अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०), दोघंही चित्रकार. कॅटलॉगमधे नुसतं 'त्रिंदाद, ए.' असं सापडलं तर कोण? वर्ष १९३८ असेल तर वडील जाऊन तीन वर्षं झालेली, म्हणून मुलगी असण्याची शक्यता जास्त, पण त्यांचं चित्र पश्चात कोणीतरी लावलेलं असू शकतं. वर्ष १९३२ असेल तर खरोखर कठीण. तसंच धुरंधर. रावबहादूर एम. व्ही. धुरंधर (१८६७–१९४४) आणि त्यांची मुलगी अंबिका (१९१२–२००९). आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, त्यामुळे ती ए. एम., आणि खराब छपाईत किंवा घाईत नुसतं 'धुरंधर' एवढंच डोळ्यात भरतं आणि ओळ वडिलांच्या खात्यावर जमा होते. गंमत बघ, तुझा विषयच बायका कुठे दिसेनाशा झाल्या हा आहे, आणि त्या तुझ्याच शीटमधे दिसेनाशा होतात.

यावर उपाय म्हणजे तीन रकाने. पहिल्यात नाव जसं छापलंय तस्सं, स्पेलिंगच्या चुकीसकट, मिस-मिसेससकट, त्याला नंतर हात लावायचा नाही, कधीच नाही. दुसऱ्यात तू ठरवलेली व्यक्ती, तिला एक नंबर दे, स्त्री००१ वगैरे काहीही. तिसऱ्यात हे तू कशावरून ठरवलंस आणि किती खात्री, मी 'पक्कं, बहुतेक, अंदाज' असे तीनच शब्द वापरते, टक्केवारी लिहीत नाही कारण ६५ टक्के खात्री म्हणजे काय हे माझं मलाच कळत नाही. चौथा पण घाल, पान नंबर आणि त्या पानाच्या फोटोच्या फाइलचं नाव. दोन वर्षांनी एखाद्या ओळीवर शंका आली की पाच सेकंदात पान उघडता आलं पाहिजे. हा रकाना नसल्यामुळे मी एकदा अख्खा मे महिना, पंखा बंद असलेल्या एका रेकॉर्डरूममधे, सहाशे ओळी पुन्हा तपासत बसलेय.

नुसती आद्याक्षरं असतील, मिस नाही मिसेस नाही, तिथे लिंगाच्या रकान्यात 'कळत नाही' लिही. आणि निकाल देताना एकच आकडा देऊ नकोस, पट्टा दे. या वर्षी किमान इतक्या बायका, आणि सगळे 'कळत नाही' बायकाच निघाल्या तर कमाल इतक्या. पट्टा फार रुंद आला तर त्या वर्षाबद्दल ठाम बोलायचं नाही, बस. लोकांना वाटतं यामुळे काम कमजोर दिसतं, माझ्या मते तर परीक्षकाने शंका काढायच्या आधी तू काढलेली असतेस.

आता एक्सेल. एक्सेल चांगलं आहे पण ते हिशेबनिसासाठी बनवलंय, आपल्यासाठी नाही. त्याला १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही, अक्षरं समजून ठेवतं, म्हणजे १८९५ च्या प्रदर्शनाची पूर्ण तारीख एका प्रकारची आणि १९०५ ची दुसऱ्या प्रकारची, आणि सॉर्ट केलं की सगळा गोंधळ. दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यात आकडे म्हणून ठेव, प्रश्नच मिटला. नोंदणी क्रमांक ३-४ असा असेल तर तो ३ एप्रिल होतो. जुन्या जाहिरातीतली ओलिओग्राफची (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्राची) किंमत ७-८-० अशी रुपये-आणे-पैमधे असते, ती पण तारीख वाटते त्याला. (सोळा आणे म्हणजे रुपया, बारा पै म्हणजे आणा, दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ पासूनची, त्यामुळे हे साडेसात रुपये होतात, ७.८ नव्हे. हसू नकोस, ७.८ लिहिलेलं मी पाहिलंय.) म्हणून टाइप करायला बसायच्या आधीच सगळे रकाने टेक्स्ट करून घे.

आणि मराठीचं आपलं खास दुखणं. एका संस्थेत, नाव नको, पंधरा वर्षांचं रजिस्टर आधीच टाइप केलेलं आहे म्हणून मला मोठ्या आनंदाने फाइल दिली. उघडली तर सगळी कीबोर्डवर मांजर चालल्यासारखी इंग्रजी अक्षरं. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधे टाइप केलेलं, युनिकोड नाही, तो फॉन्ट आणि तो कंप्युटर दोन्ही भंगारात. कन्व्हर्टरने बरंचसं परत मिळालं पण जोडाक्षरं आणि रफार जागोजागी गळाले, ते हाताने लावले. त्यात कोणीतरी काही आकडे देवनागरीत आणि काही इंग्रजीत टाइप केलेले, बेरीज लावली तर निम्म्याच आकड्यांची बेरीज येतेय आणि एक्सेल काही तक्रारसुद्धा करत नाही, मुकाट चुकीचं उत्तर देतं. तेव्हा शीटमधे आकडे इंग्रजी, प्रबंधात हवे तर मराठी. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडायचं, म्हणजे मराठी अक्षरं शाबूत राहतात, रोज रात्री एक कॉपी तारीख घालून वेगळी ठेवायची.

किमतींकडे येते, कारण तू विचारलंयस की बायकांची चित्रं स्वस्त होती का. कॅटलॉगमधली किंमत ही मागितलेली किंमत, विकली गेली का आणि कितीला हे त्यात नसतं. जिथे विक्रीसाठी नाही असं लिहिलंय तिथे शून्य घालू नकोस, कोरं ठेव आणि बाजूच्या रकान्यात कारण लिही. शून्य घातलंस की सरासरी कोसळते, आणि हौशी बायकांच्या नावापुढे 'विक्रीसाठी नाही' जास्त असेल तर त्यांची चित्रं स्वस्त होती असा खोटा निष्कर्ष आपोआप तयार. उलट त्या विकतच नव्हत्या, ही वेगळीच आणि जास्त इंटरेस्टिंग गोष्ट आहे. सरासरीवर पण जाऊ नकोस. समज पाच चित्रं आहेत, ४०, ५०, ६०, ७५ आणि एक १००० रुपयांचं. सरासरी २४५, म्हणजे त्या पाचातल्या एकाही चित्राची जवळपास नसलेली किंमत. मध्यक, म्हणजे क्रमाने लावून मधली, ६०. ती सांग. शिवाय जलरंग आणि तैलरंग, लहान आणि मोठं, हे वेगळं न करता बाई-पुरुष तुलना केलीस तर तू कागद आणि कॅनव्हासची तुलना करतेयस.

एआय. सरळ सांगते, वापर, पण लगाम हातात ठेवून. छापील इंग्रजी मजकूर टेसरॅक्टसारखं फुकट ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, बऱ्यापैकी वाचतं, मराठीपण वाचतं. पण कॅटलॉगचं पान म्हणजे डावीकडे नंबर, मधे चित्राचं नाव, मग टिंबांची रांग आणि उजवीकडे किंमत, तिथे ते गडबडतं, किंमत एक ओळ वर-खाली सरकते. नव्या चॅटवाल्या एआयला फोटो दिला तर शीट अगदी देखणी येते आणि तीच भीती आहे. जिथे शाई पसरलेली असते तिथे ओसीआर कचरा देतं, तो कचरा दिसतो तरी. एआय तिथे शहाण्यासारखं काहीतरी शक्य असलेलं नाव भरतं. मी तपासायला एका पानावर मुद्दाम अंगठा ठेवून फोटो काढला होता, अंगठ्याखालच्या दोन ओळीसुद्धा त्याने भरून दिल्या, किमतीसकट! म्हणून माझी पद्धत: पहिली पन्नास पानं पूर्ण हाताने. त्यात तुला कळतं की छापणाऱ्याच्या सवयी काय आहेत, कुठे मिस लिहितात, पत्ता कुठे येतो. मग पुढची मशीनने, आणि दर दहा पानांतलं एक पान स्वतः ताडून बघायचं. चुका किती निघाल्या ते प्रबंधात लिहायचं.

शीटच्या साफसफाईला ओपनरिफाइन घे, फुकट आहे, ब्राउझरमधे उघडतं पण डेटा तुझ्याच मशीनवर राहतो. त्यात क्लस्टर नावाची सोय आहे, एकसारखी दिसणारी नावं एकत्र करून समोर ठेवतं, हळदणकर चार प्रकारे लिहिलेले असतील तर चारी एका खाली येतात. पण 'सगळी मर्ज करा' हे बटण दाबायचं नाही, एकेक बघायचं. तो आवाजावरून जुळवतो ते मुख्यतः इंग्रजी-युरोपीय आवाज, आपल्या ळ आणि ण चं त्याला काय. आणि वर सांगितलं तसं, मूळ रकाना सोडून कॉपीवर करायचं.

हळदणकरांवरून आठवलं. सा. ल. हळदणकरांचं ते हातात समई घेतलेल्या बाईचं प्रसिद्ध चित्र, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, कितीतरी ठिकाणी राजा रविवर्म्याच्या नावावर फिरतं. रविवर्मा १९०६ मधे गेले, चित्र १९४० च्या दशकातलं. शीटमधे एक साधा नियम लावला की चित्राचं वर्ष चित्रकाराच्या मृत्यूनंतरचं असेल तर ओळ लाल कर, तर अशा चुका स्वतःहून हात वर करतात. पाच मिनिटांचं काम. इंटरनेटवरून ओळी उचलणार असशील तर हे आधी कर.

सरावाला स्वतःचा डेटा तयार होईपर्यंत न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमची यादी उतरवून घे. फेब्रुवारी २०१७ मधे त्यांनी पावणेचार लाखांच्या आसपास फोटो आणि संग्रहाची माहिती सगळ्यांना मोकळी केली, सीएसव्ही फाइल मिळते. त्यात तारखेचे रकाने बघ, लिहिलेली तारीख वेगळी आणि सुरुवातीचं-शेवटचं वर्ष वेगळं. 'अठरावं शतक' असं असलं की कंप्युटरला काही कळत नाही पण १७०१ ते १८०० असं दिलं की कळतं. हीच युक्ती तू वापर. माझ्याकडे शके असतात, अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा म्हणजे इसवी १०६०, तिथेही शके वेगळ्या रकान्यात ठेवते आणि ७८ मिळवलेलं वेगळं. नुसता बेरीज झालेला आकडा ठेवला की मूळ काय होतं ते हरवतं.

नकाशांबद्दल तू उत्साहात लिहिलंयस, पत्ते नकाशावर टाकायचेत म्हणून. टाक, नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि दिसायलाही छान येतं. गिरगाव, दादर, वांद्रे, कुठून बायका चित्रं पाठवत होत्या हे बघायला मलाही आवडेल, लोकलच्या लाइनीला धरून पसरतात का ते बघ. फक्त जुने पत्ते आजच्या नकाशात शोधताना सांभाळ. रस्त्यांची नावं बदललीत. ठाण्याचं तर विचारूच नकोस, १८८२ च्या गॅझेटियरमधला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातला, ठाणे जिल्हा म्हणजे डहाणूपर्यंतचा मुलूख, आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. जुन्या नोंदीत 'ठाणे जिल्हा' म्हटलेली वस्तू आजच्या सीमेत टाकली की डहाणूची गोष्ट कल्याण-भिवंडीत येऊन बसते. मी वीरगळ आणि गधेगाळांच्या, म्हणजे जुन्या कोरीव दगडांच्या, नोंदी करते तेव्हा गावाचं नाव जुनं आणि आजचं दोन्ही ठेवते. आणि एक, जे तुला लागणार नाही पण वाचणाऱ्या कोणाला लागेल, उघड्यावर पडलेल्या मूर्तींचे अचूक जीपीएस आकडे ऑनलाइन टाकू नका रे. गावापर्यंत सांगा, पुढचं वहीत ठेवा. चोरांनाही गुगल मॅप येतो.

नेटवर्कचे ते जाळीदार ग्राफ, कोण कोणाशी जोडलेलं ते रेघांनी दाखवणारे, गेफी नावाच्या सॉफ्टवेअरमधे काढतात ते, माझं मत जरा कडू आहे. दोन बायका एकाच कॅटलॉगमधे आहेत म्हणून त्यांच्यात रेघ ओढली तर सगळ्यांची सगळ्यांशी रेघ येते आणि लोकरीचा गुंता तयार होतो. एकाच शिक्षकाकडे शिकल्या, एकाच पत्त्यावरून चित्र पाठवलं, अशी काही घट्ट गोष्ट असेल तरच रेघ ओढ. अंबिका आणि अँजेला दोघीही चित्रकाराच्या मुली, हे घराणं-शिक्षक नातं किती बायकांच्या बाबतीत सापडतं हे साध्या रकान्यात मोजलंस तरी पुरे.

रंगांचं विश्लेषण, सारखी चित्रं आपोआप ओळखणारं मशीन, हे तुझ्यासाठी नाहीच. तुझ्या बहुतेक चित्रांचं फक्त नाव उरलंय, चित्र कुठेय पत्ता नाही. आणि ज्यांचे फोटो आहेत ते वेगवेगळ्या काळातल्या कॅमेऱ्यांचे. एकदा आम्ही शिल्पांचे फोटो अशा मशीनला दिले तर त्याने मोठ्या हुशारीने दोन गट पाडले. बघितलं तर एका गटात मागे निळा पडदा होता, दुसऱ्यात भिंत.

जे कॅटलॉग मिळणारच नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस पण तोच सगळ्यात मोठा आहे. सगळ्यात आधी एक छोटी शीट कर, १९०० ते १९४७ एकेक वर्ष, कॅटलॉग मिळाला, अर्धा मिळाला, मिळाला नाही, वर्तमानपत्रातून थोडं कळलं. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथ संजीवनी पोर्टल आणि आर्काइव्ह डॉट ऑर्ग दोन्हीकडे जुन्या नियतकालिकांत शोध. ग्राफमधे न मिळालेल्या वर्षी रेघ तुटलेली दाखव, दोन टोकं जोडून देऊ नकोस. आणि एखादी बाई १९२० नंतर यादीतून गायब झाली तर लगेच 'लग्न झालं, चित्रकला सुटली' असं लिहू नकोस. १९१८ मधे आर्ट सोसायटी ऑफ इंडिया निघाली, ती तिकडे चित्रं लावत असेल. किंवा आडनाव बदलून तुझ्याच यादीत चार ओळी खाली बसलेली असेल.

फोटो छापायचे असतील तर कॉपीराइट बघ. आपल्याकडे चित्रकार गेल्यानंतर साठ वर्षं. धुरंधर १९४४ ला गेले, मोकळे झाले. हळदणकर १९६८, म्हणजे २०२८ संपेपर्यंत थांब किंवा परवानगी घे. अंबिकाबाई आणि अँजेलाच्या बाबतीत परवानगीला पर्याय नाही, घरच्यांना पत्र लिहायला आत्ताच लाग, उत्तर यायला वर्ष जातं.

राहिला व्हायव्हा. "यात कला कुठेय" हे विचारणार, शंभर टक्के. त्यावर भाषण देऊ नकोस. तुझ्या शीटमधे दोन-तीन ओळी अशा सापडतील ज्या बाकीच्यांशी जुळत नाहीत. सगळ्या बायका फुलं आणि निसर्ग लावतायत आणि एकीने एकदम कारखान्याचं चित्र लावलंय, किंवा सगळ्यांच्या किमती शंभराच्या आत आणि एकीने पाचशे मागितलेत. ती ओळ धर. ते चित्र शोध, घराण्यात, संग्रहालयात, कोणाच्या दिवाणखान्यात, आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहा, आणि मग जे दिसेल ते लिही, चांगलं दहा पानं लिही. परीक्षकाला ते पान उघडून दाखव आणि सांग की या चित्रापर्यंत मला शीटने आणलं, नाहीतर त्या बाईचं नावही मला माहीत नव्हतं.

शनिवारी मी बहुतेक ठाण्यातच असते. ट्रान्स-हार्बरने नेरुळहून सरळ ये, लॅपटॉप आण, पण येताना हाताने उतरवलेली पन्नास पानं पाहिजेत. पंचवीस झाली असतील तरी ये, पण मग चहा तुझ्याकडून.